सव्वीस बरगड्या

वसराम राठोडला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बकऱ्याच्या अंगात कुठं काय असतं हे तो डोळे बांधून सांगू शकला असता. डोंगरकडा गावाच्या अलीकडे त्याचा तांडा, घरं सव्वीस. तांड्यात नवसाचं बकरू कापलं की त्याचे वाटे वसरामनंच घालायचे, हा तीस वर्षांचा शिरस्ता. पळसाच्या पानांवर सव्वीस ढीग, आणि प्रत्येक ढिगात सगळं थोडंथोडं: कलेजीचा तुकडा, फोपशाचा म्हणजे फुप्फुसाचा तुकडा, वजडीची म्हणजे पोटाची पट्टी आणि एक बरगडी. बकऱ्याला बरगड्या तेरा इकडे, तेरा तिकडे, म्हणजे सव्वीस. देवानं हा तांडा आणि बकरू एकाच बैठकीत ठरवून बनवले असावेत असं वसरामचं मत होतं, आणि ते आजवर कुणी खोडून काढलं नव्हतं. जमिनीच्या वाटणीवरून सख्खे भाऊ हिंगोलीच्या कोर्टात जायचे, पण वसरामनं घातलेल्या वाट्याला कुणी कधी नाव ठेवलं नाही.

अशा माणसाची सून शरीरशास्त्रात नापास झाली.

सुनेचं नाव रीता. हिंगोलीतल्या एका नर्सिंगच्या शाळेत ती पहिल्या वर्षाला होती. लेखी पेपर तिनं चांगल्या मार्कांनी काढला, पण तोंडी परीक्षेत पंचवीसपैकी दोन पडले. ते दोनसुद्धा ती वेळेवर आली आणि तिचा एप्रन धुतलेला होता म्हणून दिले असावेत. फेरपरीक्षा दीड महिन्यावर होती, तोवर सुट्टी म्हणून ती तांड्यात आली होती.

तिला शाळेत घातलं होतं ते वसरामनंच, आणि त्यामागं विद्येचं प्रेम वगैरे काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी उपकेंद्राच्या नर्सबाई लेकरांना डोस पाजायला तांड्यात आल्या, तेव्हा सोमेश्वर नाईक बाजेवरून उठून उभा राहिला. हा नाईक म्हणजे तांड्याचा मुख्य. तो कुणासाठी उठत नसे. तलाठी आला तर मान हलवायचा, तहसीलदार आला तेव्हा त्यानं नुसते पाय आवरून घेतले होते. वसरामनं ते उठणं डोळे भरून पाहिलं आणि मनाशी ठरवलं, की ज्या बाईसाठी नाईक उठतो अशी एक बाई आपल्या घरात पाहिजे. सून बारावी शिकलेली होती. मुलगा कुलदीप "तुमची मर्जी" म्हणाला, आणि रीता शाळेत गेली.

आता नापास झाल्याची बातमी तांड्यात पोचायला जीपसुद्धा लागली नाही. लिंबाखाली बाजेवर सुजलेले पाय लांब करून बसलेल्या नाईकानं वसरामला जाता जाता थांबवलं.

"का रं वसराम, सून हाडं मोजाया गेली व्हती म्हनं. दोनच सापडली का?"

घरी पोचेपर्यंत वसरामचे कान तापले होते. घरी त्याची बायको जिवनबाई त्याहून तापलेली होती.

"हे पाहा," ती म्हणाली, "ऊसतोडीला कोयता म्हंजी जोडपं. एकट्या गड्याला मुकादम अर्धा कोयता धरतो. माझं पोरगं गेल्या सालापासून अर्धंच हाय. एक डाव पडली, पडू द्या. पुन्यांदा पडली तर पुस्तकं पेटीत आन् दिवाळीनंतर ती कोयत्यावर."

रीता तेव्हा चुलीपुढं होती. तिनं ते ऐकलं आणि भाकरी थापता थापता ती रडली, इतकी की पिठात वेगळं मीठ घालावं लागलं नाही. हे नंतर जिवनबाईनंच सांगितलं, आणि सांगताना तिलाही वाईट वाटलेलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. तांड्यात आपसात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतात; आपण त्यांना मराठीत बोलायला लावलं आहे, कारण बाजारात ते तसंच बोलतात. पण रीता आणि वसराम हे दोघं एकमेकांशी कोणत्याच भाषेत बोलत नव्हते. सून सासऱ्यापुढं तोंड उघडत नाही, ही त्या घरची रीत. घुंगट हनुवटीपर्यंत आणि आवाज बंद. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण वसरामनं सुनेचा आवाज ऐकला होता तो भिंतीपलीकडून, शेळ्यांना हाकलताना. घरातला सगळा व्यवहार जिवनबाईमार्फत चाले. वसराम म्हणायचा, "तिला म्हनाव, पानी आन." जिवनबाई म्हणायची, "पानी आन गं." पाणी यायचं. तिघंही एकाच खोलीत, हातभर अंतरावर बसलेले असायचे.

रात्रभर विचार करून वसरामनं निर्णय घेतला, की पोरीला आपण शिकवायचं. घरात एवढं ज्ञान पडून असताना ती पुस्तकातली चित्रं बघून नापास होते म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाजाराच्या दिवशी तो आखाडा बाळापूरला गेला आणि जलालुद्दीनच्या मटणाच्या दुकानापुढं उभा राहिला. दोघांची वीस वर्षांची ओळख. नवसाची बकरी वसराम त्याच्याच सल्ल्यानं घ्यायचा.

"जलालभाई, एक पुरा संच दे."

"कायका संच?"

"आतला. दिल, फोपसं, कलेजी, दोनी गुर्दे, तिल्ली, वजडी, आतडी. कापू नको. जसं हाय तसं दे."

"दावत हाय क्या?"

"न्हाई. सुनंची परीक्षा हाय."

जलालुद्दीननं सुरा खाली ठेवला. त्याची मुलगी हुमेरा रीताच्याच वर्गात होती, आणि तिनं घरी गुर्द्याला हात न लावता पहिल्याच फेरीत परीक्षा काढली होती. पण मित्राचा चेहरा बघून तो कामाला लागला. सगळं नीट काढून त्यानं पिशवीत भरलं आणि म्हणाला, "जल्दी जा, धूप हाय. परीक्षा खराब होईल."

त्याच दुपारी वसरामच्या अंगणात शरीरशास्त्राचा पहिला तास झाला. पळसाची पानं मांडली, त्यावर अवयव. वसराम उकिडवा बसला, हातात बाभळीची काडी. जिवनबाई मध्ये. रीता दाराच्या आत, कवाडाआड, घुंगट घेऊन. बाहेरून नुसती तिच्या मनगटावरच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या. शेजारच्या दोन बकऱ्या जरा वेळ पाहून निघून गेल्या.

"तिला म्हनाव, ध्यान दे," वसराम म्हणाला.

"ध्यान दे गं."

"हे दिल. ह्याच्यात चार खोल्या. रगत एकीकडून येतंय, एकीकडून जातंय. हे फोपसं, वाऱ्याचं. हे गुर्दे, मुताचं." सुनेपुढं हा शब्द तोंडून निघाल्यावर तो जरा अडखळला आणि काडी घाईनं पुढं सरकवली. "आन् ही वजडी. पोटं चार. पहिल्यात चारा जातो, मंग रवंथ, मंग दुसऱ्यात..."

बांगड्या वाजल्या.

"माशा झाल्यात का आत?" वसरामनं विचारलं.

जिवनबाई उठून कवाडाशी गेली, आत कान लावला आणि परत आली. "ती म्हनती, मानसाला पोट एकच असतंय."

"एकच?" वसरामला हे पटण्यासारखं नव्हतं. "आन् मंग कुलदीप सात भाकरी खातो त्या कुठं ठिवतो?"

पोटाचा विषय तिथं तात्पुरता मिटला. बरगड्यांवर मात्र पेच पडला. वसरामनं "तेरा इकडं, तेरा तिकडं" म्हणताच बांगड्या अशा वाजल्या की बकऱ्या परत आल्या.

"ती म्हनती, बारा-बारा. चोवीस."

वसराम उभाच राहिला. "चोवीस? मंग दोन घरं उपाशी ठिवायची का? तीस सालं झाली, मी वाटे घालून राहिलो, कधी बरगडी कमी पडली का? इचार तिला."

"ती म्हनती, बकऱ्याचं बराबर हाय. पर मानसाचे वाटे घालीत न्हाईत."

वसरामनं काडी खाली ठेवली. संध्याकाळी सगळा अभ्यास तिखट-मसाला लावून रश्श्यात गेला आणि घरच्यांनी तो पोटभर खाल्ला.

पण तास चालू राहिले. दुसऱ्या आठवड्यापासून तर बांगड्यांची भाषाच ठरून गेली. एकदा वाजल्या तर चूक, दोनदा वाजल्या तर बरोबर. जिवनबाईला मध्ये बसायचीही गरज उरली नाही. ती शेंगा फोडत बसे. वसराम काडीनं दाखवायचा, मुद्दाम नाव चुकवायचा, आणि कवाडाआडून लगेच एक ठोका पडायचा. अन्ननलिका मागं की पुढं, पित्त कुठं साठतं, रक्त कुठं गाळतं, पोरीची एकही चूक होईना. तिसऱ्या बाजारापर्यंत वसरामच्या ध्यानात आलं की आपल्यापेक्षा हिला जास्त येतंय. आणि मग त्याच्या डोक्यात असा किडा शिरला की तो निघेना: येतंय तर ही नापास काहून झाली?

उत्तर त्याला जलालुद्दीनच्याच दुकानात मिळालं. हुमेरा बापाचा डबा घेऊन आली होती. वसरामनं तिला सरळ विचारलं.

हुमेरा आधी बापाकडे बघत राहिली. जलालुद्दीन म्हणाला, "बोल, बेटा. यांना छुपाके काय फायदा."

"चाचा, रीताला सगळं येतं," ती म्हणाली. "वर्गात आम्हालाच ती शिकवते. पण तोंडी परीक्षेला बाहेरून जे सर आले होते ना, ते वयस्कर. उंच, आणि मिशा पांढऱ्या, टोकं वर वळलेली." तिनं वसरामच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. "बराबर तुमच्यासारख्या."

"मंग?"

"सर म्हणाले, यकृत कुठं असतं ते दाखवा. रीतानं एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. हात पदर ओढायला वर गेला. पदर कुठला, ड्रेस होता. मग तिनं एप्रनच उचलून तोंडावर घेतला. सर बिचारे विचारत होते, बाळा, चक्कर येते का. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. बाहेर येऊन ती मला म्हणाली, मामाच, म्हणजे तुम्हीच, समोर बसल्यागत वाटलं, गळाच बंद झाला."

"हे तिनं घरी काहून सांगितलं न्हाई?"

"कसं सांगणार, चाचा? सासऱ्यामुळं नापास झाले, असं सासूमार्फत सासऱ्याला सांगायचं?"

वसरामला फार वाईट वाटलं. इतकं की त्या दिवशी त्यानं संच घेतलाच नाही. पोरीला शाळेत आपण घातलं, आणि तिच्या गळ्यावर पायही आपणच देऊन बसलो, तेही घरबसल्या, नुसत्या मिशांनी. तो तिथून उठून थेट न्हाव्याकडे गेला आणि खुर्चीत बसला. न्हाव्यानं फडकं गुंडाळलं, वस्तरा पाजळला. तेव्हा वसरामच्या लक्षात आलं की आपल्या मिशा काढून उपयोग नाही, काढायच्या तर त्या परीक्षकाच्या काढाव्या लागतील, आणि ते जमण्यासारखं नाही. तो तसाच उठला. न्हावी मागून बराच वेळ काहीतरी बोलत होता.

घरी येऊन त्यानं अंगणातूनच जाहीर केलं, "आजपासून सुनेनं माझ्याशी बोलायचं. माझा हुकूम हाय."

आतून जिवनबाई बाहेर आली.

"हुकुमानं तोंड उघडतंय व्हय?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्यापुढं मी एकवीस सालं बोलले न्हाई. म्हातारा मेला तवा मोठ्यानं रडले, तर लोकं म्हनली, अगं बया, हिला आवाज हाय की."

तरी प्रयत्न झाले. वसराम भिंतीकडे तोंड करून बसला, रीता त्याच्या पाठीमागं उभी राहिली. तिच्या घशातून नुसता खाकरा निघाला. वसरामनं डोक्यावर घोंगडी घेतली. घोंगडीतून मिशा दिसत नव्हत्या, पण घोंगडीत कोण आहे ते माहीत होतं. शेवटी जिवनबाईनं निरोप आणला, "ती म्हनती, मला बोलायचं हाय, मामांनी सांगितलं म्हनून न्हाई, मलाच बोलायचं हाय. पर जीभ उचलत न्हाई. ती म्हनती, माफ करा." कवाडाआडून बांगड्या दोनदा वाजल्या.

पोळा झाला आणि फेरपरीक्षेचा दिवस उजाडला. वसराम धुतलेलं धोतर नेसून, पागोटं बांधून सोबत निघाला. काळीपिवळीत तो ड्रायव्हरशेजारी, सून मागं बायकांत. हिंगोलीच्या शाळेत पालकांना व्हरांड्यात बसवलं होतं. परीक्षेची खोली व्हरांड्याला लागूनच, खिडकीला जाळी. शिपायाचं लक्ष नाहीसं बघून वसराम जाळीला नाक लावून उभा राहिला.

आत टेबलावर एक प्लास्टिकचं धड होतं, त्याचं पोट झाकणासारखं काढून ठेवलेलं. त्याला ते काम आवडलं. सगळं जागच्या जागी, आणि पाणी मारायची भानगड नाही. कोपऱ्यात हुकाला एक माणसाचा सांगाडा टांगला होता. वसरामनं सवयीनं बरगड्या मोजल्या. बारा इकडे. बारा तिकडे. त्यानं डोळे पुसले आणि खालून वर परत मोजल्या. चोवीसच होत्या. पोरगी पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि आपण उभं राहून तिच्यावर ओरडलो होतो.

टेबलामागं परीक्षक बसले होते. तेच ते, मिशा खरोखरच भारदस्त होत्या. आत दाराशी थांबलेली रीता समोर येऊन उभी राहिली. पांढरा ड्रेस, एप्रन, केस बांधलेले. वसरामनं सुनेला पहिल्यांदाच घुंगटाशिवाय पाहिलं, आणि ती किती लहान दिसते याचं त्याला आश्चर्य वाटलं.

"घाबरू नका," परीक्षक मऊ आवाजात म्हणाले. "सोपं विचारतो. माणसाला बरगड्या किती?"

रीतानं त्यांच्याकडे पाहिलं. मान खाली गेली. उजवा हात हळूहळू डोक्याकडे निघाला.

 तो हात कुठं चाललाय हे वसरामला ठाऊक होतं. आता एप्रन वर जाणार, मग कोयता, मग त्या लेकराचं सगळं शिकलेलं उसाच्या फडात. त्यानं पुढचा-मागचा विचार केला नाही. जाळीला तोंड लावून तो ओरडला,

"सायेब, तिला काय इचारता? मला इचारा! बरगड्या सव्वीस!"

व्हरांड्यातली सगळी माणसं वळून बघू लागली. शिपाई धावत आला. वसरामनं जाळी घट्ट धरली.

"तेरा इकडं, तेरा तिकडं! तीस सालं मोजून राहिलो!"

रीताचा वर चाललेला हात जागीच थांबला आणि मनगट एकदा झटकन हललं. चूक. पण आवाज झाला नाही. परीक्षेला बांगड्या काढून याव्या लागतात. मनगट मोकळं होतं. ती स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिली.

वसरामनं ते पाहिलं, आणि त्याला आणखी चेव आला.

"आन् पोटं चार! मानूस रवंथ करतो! कलेजी डाव्या अंगाला! गुर्दा एकच!"

शिपायानं त्याचा दंड धरला. आजूबाजूला लोक हसायला लागले होते. कुणीतरी म्हणालं, म्हातारं बिघडलंय. ज्या माणसाच्या वाट्याला तीस वर्षं कुणी नाव ठेवलं नव्हतं, तो हिंगोलीच्या व्हरांड्यात उभा राहून, डोळ्यांनी चोवीस मोजून झालेल्या असताना, बेंबीच्या देठापासून सव्वीस म्हणून ओरडत होता.

"मानसाला वरचे दातच नस्त्यात!"

"न्हाई मामा!"

 शिपायाचा हात सुटला. रीता खिडकीकडे तोंड करून उभी होती, आणि आपणच बोललो यावर तिचा विश्वास बसत नव्हता. पण बोलून तर झालं होतं.

"न्हाई मामा, समदं चुकलं," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण होता. "बरगड्या चोवीस. मी घरीबी सांगितलं व्हतं."

"सव्वीस," वसराम म्हणाला.

"चोवीस!"

शिपाई परीक्षकांकडे बघत होता. परीक्षकांनी हातानं त्याला थांबवलं. "राहू द्या त्यांना तिथंच," ते म्हणाले. "सिस्टर, हे आजोबा तुमचे पेशंट आहेत असं समजा. यांचं पटत नाहीये. पटवा त्यांना."

मग रीता बोलली. कोपऱ्यातला सांगाडा तिनं खिडकीकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं, की पहिल्या सात जोड्या छातीच्या हाडाला थेट जोडलेल्या, पुढच्या तीन वरच्या बरगडीच्या आधारानं, आणि शेवटच्या दोन पुढून मोकळ्या, त्यांना तरंगत्या म्हणतात.

"तरंगत्या कुनाच्या वाट्याला?" वसरामनं विचारलं. हे मात्र त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"कुनाच्याबी न्हाई, मामा! त्या गुर्द्यांच्या मागं असत्यात, राखनीला. आन् गुर्दे दोन. आन् हे यकृत, उजवीकडं. आन् हे जठर, एकच, एकच!" तिनं प्लास्टिकच्या धडातून ते काढून वर धरलं. भाकरीचा घास तोंडात शिरल्यापासून ती जी निघाली, ती लाळ, अन्ननलिका, जठर करत लहान आतड्याच्या प्रत्येक वळणावर थांबली, कुलदीपच्या सात भाकरी कुठं मावतात तेही तिनं सांगितलं, कारण जठर ताणतं. वसराम मध्ये मध्ये चुकीचं बोलत राहिला, पण हळूहळू त्याला चुका सुचेनाशा झाल्या. चार वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते, त्याला बांध घालणं कुणाच्या हातात नव्हतं. मग तिनं वळून उरलेलं परीक्षकांना, त्यांच्या मिशांकडे बघत सांगितलं, आणि तिला काहीच झालं नाही.

शेवटी परीक्षकांनीच घड्याळ दाखवलं. वहीत काहीतरी लिहून ते खिडकीपाशी आले. जाळीच्या अल्याड-पल्याड दोन मिशा समोरासमोर आल्या.

"आजोबा, तुम्ही हे शरीरशास्त्र कुठं शिकलात?"

"मी वाटे घालतो, सायेब."

"बरं. पेशंटनं असं ओरडायचं नसतं, पुढच्या खेपेला लक्षात ठेवा. मार्क आज सांगता येत नाहीत." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पेढे न्यायला हरकत नाही."

परतीच्या काळीपिवळीत वसराम ड्रायव्हरशेजारी बसला नाही. मागच्या बाकावर, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन तो सुनेसमोर बसला. तिनं ओढणी डोक्यावरून घेतली होती, पण तोंड उघडं होतं. 

"तू बोलली, पोरी," वसराम म्हणाला. 

"तुमाला ठावं व्हतं," रीता म्हणाली. "तुमी सांगाड्याच्या बरगड्या मोजून राहिलते. मी पाह्यलं."

"एक-दोन येळा मोजल्या," वसराम म्हणाला आणि बाहेर सोयाबीन बघू लागला. "पर दिलाच्या चार खोल्या, ते मी बराबर सांगितलं व्हतं."

"ते बराबर. पर रगत कुठून येतंय, कुठं जातंय, ते तुमी सांगितलंच न्हाई." आणि तिनं ते सांगायला घेतलं. ते तांड्याच्या वळणापर्यंत पुरलं. शेजारच्या बाईचा थांबा मागं गेला तरी ती ऐकत बसली होती.

वळणावर उतरले तेव्हा लिंबाखाली बाजेवर नाईक बसलेला होता, पाय लांब केलेले. आजूबाजूला चार-पाच जणं. रीताचा हात ओढणीकडे गेला. वसरामनं ते पाहिलं. हात ओढणीपर्यंत पोचला, ओढणी कानामागं नीट केली, आणि खाली आला.

"का रं वसराम," नाईक म्हणाला, "आज किती हाडं सापडली?"

"मला काय इचारता?" वसराम म्हणाला. "तिला इचारा."

 नाईकानं भुवया उंचावल्या. रीता पुढं आली, पण ती नाईकाच्या तोंडाकडे बघत नव्हती, पायांकडे बघत होती. ती खाली बसली आणि नाईकाच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तिथं खड्डा पडला होता, आणि तो भरून येईना.

"नाईकबा, ही सूज किती दिसांची हाय?"

"व्हय... आखाडीपासून." नाईक इतका चकित झाला होता की त्यानं खरं सांगितलं. "सकाळी कमी असती. काहून?"

"चालताना दम लागतो का?"

"लागतो थोडा."

"मंग बसून चालनार न्हाई. दवाखान्यात जावं लागंल, उद्याच. दोनी पायांत सारखी हाय का ते पाहू द्या." ती उठली. "उभं राहा बरं, नाईकबा."

सोमेश्वर नाईकानं एकदा वसरामकडे पाहिलं, एकदा जमलेल्या माणसांकडे. मग दोन्ही हात बाजेच्या काठावर टेकले आणि तो उठून उभा राहिला.

वसरामनं पेढ्यांचा पुडा सोडला. घरं सव्वीस होती. त्यानं मोजूनच आणले होते.